स्कॅव्हेंजर रिसेप्टर: हुद्दा की कूळ? (नावांच्या घोळात अडकलेल्यांसाठी धागा)

तापीकाठची

नमस्कार मंडळी. माझं गाव चोपडा तालुक्यात, सध्या पुण्यात पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. विषय रोगप्रतिकारशास्त्र, आणि त्यातही मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींवरचे स्कॅव्हेंजर रिसेप्टर. एका नावामुळे माझे जवळजवळ चार महिने वाया गेले. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून हा धागा काढतेय.

झालं असं. मला सीडी३६ हे प्रथिन पेशींवर किती आहे ते मोजायचं होतं. एका रिव्ह्यू लेखात त्याचं नवं नाव दिलं होतं, एसआर-बी२. मी वहीत तेवढंच टिपून ठेवलं. अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारं प्रथिन) मागवायच्या दिवशी कॅटलॉगमध्ये शोधलं तर 'एससीएआरबी२' सापडली. एसआर-बी२ म्हणजे स्कॅव्हेंजर रिसेप्टर, वर्ग बी, क्रमांक दोन. एससीएआरबी२ हे नाव फोडलं तरी हेच शब्द निघतात. ऑर्डर गेली. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून हवं ते ओळखायची चाचणी) केला, ८५ किलोडाल्टनच्या आसपास स्वच्छ पट्टी आली. सीडी३६ साखरेच्या साखळ्यांसकट ८८ च्या आसपास दिसतं, त्यामुळे शंका आलीच नाही. पुढचे सगळे प्रयोग त्याच बाटलीवर झाले.

शेवटी पेशी रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहिल्या आणि पोटात गोळा आला. सीडी३६ पेशीच्या कडेकडेने दिसायला हवं होतं. इथे कडा काळीभोर आणि आत नुसते ठिपके. एससीएआरबी२ हे एका जनुकाचं अधिकृत नाव आहे, पण ते जनुक सीडी३६ चं नाहीच. ते लिम्प-२ नावाच्या प्रथिनाचं, जे पेशीच्या आत लायसोसोमच्या (पेशीतल्या पचनाच्या कप्प्याच्या) पडद्यात बसतं. त्याचं एक जुनं नाव एलजीपी८५, म्हणजे वजनही तेवढंच. सीडी३६ ला जुन्या यादीत एससीएआरबी३ म्हटलेलं सापडतं. एकाच वर्गातली भावंडं, पण एका यादीत 'दोन नंबर' हा आणि दुसऱ्या यादीत 'दोन नंबर' तो.

मला विचारायचंय ते हे की या नावांमागे नेमका नियम काय आहे, आणि थिसिसमध्ये कुठलं नाव लिहावं. शिवाय दिवाळीनंतर गावाकडच्या कॉलेजात बीएस्सीच्या मुलांसमोर यावर बोलायचंय. स्कॅव्हेंजरला मराठीत काय म्हणू?

केळीबाग_रावेर

ताई, मी केळीवाला माणूस. बीएस्सी केमिस्ट्री केलं होतं, पुढे शेतीच. कोलेस्टेरॉलचा त्रास घरात तिघांना आहे म्हणून वाचायला बसलो. स्कॅव्हेंजर रिसेप्टर म्हणजे काय ते आधी आमच्यासारख्यांना सांगा, मग नावांचं बघू.

तापीकाठची

दादा, बरोबर आहे तुमचं, उलट्या टोकाने सुरू केलं मी.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरचं असं प्रथिन की ज्याला बाहेरची एखादी वस्तू येऊन चिकटते. बहुतेक रिसेप्टर निवडक असतात. इन्सुलिनचा रिसेप्टर इन्सुलिनसाठीच. स्कॅव्हेंजर रिसेप्टर तसे नाहीत. एकच रिसेप्टर कितीतरी वेगवेगळ्या वस्तू धरतो: बिघडलेलं एलडीएल (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण), मरायला टेकलेल्या पेशी, जंतूंच्या भिंतीचे तुकडे. म्हणजे शरीराचं स्वतःचं पण खराब झालेलं, किंवा मुळातच परकं. धरायचं, पेशीच्या आत ओढायचं आणि लायसोसोममध्ये नेऊन विरघळवायचं. हे काम मॅक्रोफेज करतात, यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीही करतात.

तुमच्या घरच्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. रक्तातलं एलडीएल धमनीच्या भिंतीत अडकून ऑक्सिडाइज होतं, तिथले मॅक्रोफेज या रिसेप्टरांमार्फत ते गिळत राहतात आणि कोलेस्टेरॉलने भरून फुगतात. मायक्रोस्कोपखाली त्या पेशी फेसाने भरल्यासारख्या दिसतात. धमनीतल्या थराची सुरुवात तिथून होते.

मास्तर_जळगाव

तापीकाठची, तुझी पोस्ट वाचून वाईट वाटलं. मी ३१ वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली आणि हा घोळ माझ्या डोळ्यांदेखत वाढत गेला. तो कसा झाला ते कळलं तर नियम पाठ करावा लागत नाही, म्हणून जरा मागून सांगतो.

१९७९ साली अमेरिकेत डॅलसला ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांच्या प्रयोगशाळेत एक कोडं होतं. काही रुग्णांमध्ये एलडीएलचा रिसेप्टर जन्मतःच नसतो. एलडीएल पेशीत घ्यायचा दरवाजाच नाही, तरी त्यांच्या मॅक्रोफेजमध्ये कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं. हे आत गेलं कुठून? साधं एलडीएल दिलं तर मॅक्रोफेज ते फारसं साठवेनात. मग त्यांनी एलडीएलवर अ‍ॅसिटिल गट चढवले. लायसिनवरचा (प्रथिनातल्या एका अमिनो आम्लावरचा) धन भार झाकला गेला, कण जास्त ऋण झाला, आणि मॅक्रोफेज ते अधाशासारखे गिळू लागले. म्हणजे दुसरा दरवाजा होता. त्या दोघांना कोलेस्टेरॉलवरच्या कामाबद्दल १९८५ चं नोबेल मिळालं.

आता नावाच्या दृष्टीने महत्त्वाचं बघ. अ‍ॅसिटिल एलडीएल शरीरात सापडत नाही, ती प्रयोगशाळेत बनवलेली वस्तू. ऑक्सिडाइज झालेलं एलडीएल हा शरीरातला खरा माल असल्याचं पुढच्या काही वर्षांत पुढे आलं. म्हणजे हा रिसेप्टर ओळखला गेला तो 'बिघडवलेलं एलडीएल गिळतो' या कामावरून. प्रथिन कुणी पाहिलेलं नव्हतं. आधी काम दिसलं, माणूस नंतर सापडला.

माणूस सापडला १९९० मध्ये. एमआयटीत माँटी क्रीगर यांच्या गटाने गाईच्या ऊतींतून त्याचं जनुक वेगळं केलं. तीन साखळ्या कोलॅजनसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या, पेशीतून बाहेर देठासारख्या आलेल्या. एकाच जनुकाचा संदेश वेगवेगळ्या तऱ्हेने कापून-जोडून दोन प्रकार निघत होते, त्यांना रोमन एक आणि रोमन दोन म्हटलं. (त्याच वर्षी आपल्या जळगावचं विद्यापीठ सुरू झालं, म्हणून ते साल माझ्या डोक्यातून जात नाही.)

मग रांग लागली. ज्याला-त्याला नवा रिसेप्टर सापडला की तोही बिघडलेलं एलडीएल धरतोच. १९९३ ला कळलं की रक्तबिंबिकांवर आधीपासून माहीत असलेलं सीडी३६ हेही ऑक्सिडाइज्ड एलडीएल धरतं. १९९४ ला एसआर-बी१, १९९५ ला मार्को, १९९७ ला रक्तवाहिनीच्या अस्तरावरचा लॉक्स-१. मार्को दिसायला पहिल्याच्या जवळचा, कोलॅजनचा देठ असलेला. सीडी३६ मात्र पूर्ण वेगळं: दोन्ही टोकं पेशीच्या आत आणि मधला भाग बाहेर. लॉक्स-१ तर लेक्टिनच्या (साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनांच्या) घराण्यातला. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी सगळ्यांना एकच नाव लागलं. म्हणून वर्गांना ए, बी, सी अशी अक्षरं द्यावी लागली. यातला सी वर्ग फक्त फळमाशीत सापडतो, आपल्यात नाही. माशीचा हक्क म्हणून ते अक्षर तसंच ठेवलंय.

अमळनेरी

मास्तर, 'आधी काम दिसलं, माणूस नंतर सापडला' हे वाचलं आणि मला आमचं गावच डोळ्यासमोर आलं. आम्हना गावमा बठ्ठा पाटीलच शेतस, पन बठ्ठा एक कुयना नहीत.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आपल्याकडे पाटील आडनाव लेवा पाटलांत आहे, मराठ्यांत आहे, गुजरांत आहे, आणखीही समाजांत आहे. पाटील हे मूळ कुळाचं नाव नाहीच, तो गावकीचा हुद्दा होता. ज्याच्या घराण्याकडे काम आलं तो पाटील. दोन पाटील समोरासमोर आले की पहिला प्रश्न काय, 'कुठले पाटील?' स्कॅव्हेंजर रिसेप्टर हा तसाच हुद्दा दिसतो. आणि ए, बी, ई ही अक्षरं म्हणजे खरं कूळ.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मास्तर, चुकत असेन तर सांगा.

मास्तर_जळगाव

अमळनेरी, चुकत नाहीस. एवढी वर्षं वर्गात मला ही उपमा सुचली नाही. एकाच वर्गातल्या प्रथिनांची घडण मिळतीजुळती असते, एका वर्गाचं दुसऱ्या वर्गाशी नातं असेलच असं नाही. वर्ग ए कोलॅजनवाले. बी दोनदा पडदा ओलांडणारे. डी मध्ये सीडी६८. ई लेक्टिनवाले. एफ मध्ये ईजीएफ या वाढीच्या प्रथिनासारख्या तुकड्यांची माळ. हे सगळे सख्खे तर नाहीतच, चुलतही नाहीत. हुद्दा तेवढा एक.

तापीकाठची

दादा, 'कुठले पाटील' हे मी भाषणात वापरणार आहे, परवानगी द्या. माझी चूक याच वाक्यात मावते. मी 'बी वर्गातला दोन नंबर' एवढ्यावर थांबले. कुठल्या यादीतला ते विचारलंच नाही.

दफ्तर_धुळे

मी विज्ञानातला नाही. जुनी कागदपत्रं वाचायची हौस, धुळ्याचा असल्यामुळे राजवाड्यांचा वारसा म्हणा. यादीचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो.

माझ्या आजोबांच्या खरेदीखतावर जिल्हा 'पश्चिम खानदेश' आहे. १९०६ ला खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र झाला त्या सुमाराला पूर्वेचा जळगाव आणि पश्चिमेचा धुळे झाला. पुढे १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. आमची जमीन शहादा तालुक्यात. म्हणजे तीच जमीन एका कागदावर पश्चिम खानदेशात, दुसऱ्यावर धुळ्यात, आजच्या सातबाऱ्यावर नंदुरबारात. जमीन तसूभर हललेली नाही. जुना कागद खोटाही नाही. पण वाचणाऱ्याला कागदाचं साल माहीत नसेल तर तो चुकीच्या तहसील कचेरीत जाऊन बसणार.

तुमच्या प्रथिनांनाही पेपरच्या सालाप्रमाणे नाव बदलत असेल तर साल बघूनच नाव वाचावं लागेल. नवं नाव आलं ते कोणत्या साली?

मास्तर_जळगाव

दफ्तर, फार नेमकं विचारलंत. २०१४.

अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जी आणि संसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय संस्थेने या क्षेत्रातल्या लोकांना एकत्र बसवलं आणि त्यातून एक सामायिक प्रस्ताव छापला गेला. आधी त्यांनी व्याख्या केली. तिचा आशय असा की जो रिसेप्टर अनेक प्रकारच्या वस्तू धरतो आणि परक्या किंवा बिघडलेल्या स्वकीय गोष्टी हटवायला मदत करतो तो स्कॅव्हेंजर. हटवण्याची रीत कोणतीही असो: आत ओढून घेणं, गिळणं, चिकटवून धरणं किंवा इशारा देणं. मग ए ते जे असे वर्ग ठरवले, आणि २०१७ च्या सुधारित मांडणीत ते एल पर्यंत वाढवले. सीडी४४ के वर्गात आलं, एलआरपी१ एल मध्ये.

नाव लिहायची पद्धत सोपी आहे. एसआर, जोडरेघ, वर्गाचं अक्षर, मग साधा अंक. रोमन अंक बाद. एकाच जनुकातून वेगळी कापणी होऊन आलेला प्रकार असेल तर टिंबानंतर अंक. म्हणून जुना रोमन एक आता एसआर-ए१, आणि जुना रोमन दोन झाला एसआर-ए१.१. विचार केला तर हे फार शहाणपणाचं आहे. रोमन दोन हा वेगळा भाऊ नव्हताच, त्याच जनुकाचं दुसरं रूप. जुन्या नावावरून ते कळत नव्हतं, नव्यावरून कळतं.

मार्कोचं बघ. जनुकांच्या जुन्या यादीत त्याला एससीएआरए२ म्हणत. नव्या पद्धतीत तो एसआर-ए६. त्याला 'ए२' दिलं असतं तर प्रत्येक वाचकाला तो जुना रोमन दोन वाटला असता. बी वर्गात मात्र अशी टक्कर राहून गेली, आणि तू नेमकी तिथे सापडलीस.

ठाण्याचा_भुसावळकर

मी वीस वर्षं औषध कंपन्यांच्या संशोधनात आहे. थोडा कडू बोलतो. एवढा खटाटोप करून नवी यादी आणण्यापेक्षा 'स्कॅव्हेंजर रिसेप्टर' हा शब्दच मोडीत काढायला हवा होता. प्रत्येक जनुकाला मानवी जनुक नामकरण समितीने दिलेलं एकच अधिकृत चिन्ह आहे. तेच वापरा. मधे तिसरी यादी कशाला?

आणि हुद्द्याचं म्हणाल तर त्या यादीतले काही जण ते काम धड करतही नाहीत. जे वर्गात रेज ठेवलाय. साखर चिकटून बिघडलेली प्रथिनं त्याला चिकटतात हे खरं, पण त्याचं मुख्य काम पेशीला दाह वाढवायचा इशारा देणं. माल आत ओढून विरघळवणं हे त्याचं ठळक काम नाही. एसआर-बी१ घ्या. १९९६ ला कळलं की तो एचडीएलचा (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या दुसऱ्या कणाचा) रिसेप्टर. तो एचडीएलचा कण गिळत नाही, त्यातलं कोलेस्टेरॉल तेवढं काढून घेतो आणि कण सोडून देतो. याला सफाई म्हणायचं?

अमळनेरी

पण पाटीलकी गेली तरी पाटील आडनाव राहिलंच ना, भाऊ. आज कोण पाटील गावचा महसूल गोळा करतो?

मास्तर_जळगाव

भुसावळकर, तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्या मंडळींनाही तो ठाऊक होता. म्हणूनच व्याख्येत त्यांनी गिळण्याबरोबर चिकटवणं आणि इशारा देणंही धरलं. रेज त्या दाराने आत आला. मला स्वतःला तो जे वर्ग जरा ओढूनताणून वाटतो.

पण हुद्दाच मोडावा हे मला पटत नाही. शरीराला ही सगळी प्रथिनं एकाच कामासाठी लागत असतील तर त्या कामाला नाव हवं, नाहीतर तो प्रश्नच दिसणार नाही. १९९७ मध्ये एसआर-ए नसलेले उंदीर तयार केले गेले. धमन्यांत थर कमी साचला, पण तेच उंदीर लिस्टेरियाच्या आणि हर्पिसच्या संसर्गाला जास्त बळी पडले. हृदयविकारवाले आणि जंतुसंसर्गवाले तोवर आपापल्या वाड्यात होते. एकाच नावामुळे दोघांना एका अंगणात यावं लागलं. नुसती जनुकचिन्हं असती तर हे व्हायला अजून वेळ लागला असता.

आणि जनुकचिन्हानेही सगळं सुटत नाही. सीएक्ससीएल१६ हे नाव वाचून कुणालाही केमोकाइन (पेशींना बोलावणारं इशारा-प्रथिन) वाटेल, आणि ते आहेच. पण पेशीच्या पडद्यात रोवलेलं असताना तेच प्रथिन ऑक्सिडाइज्ड एलडीएल धरतं, आणि त्या कामावरून शोधणाऱ्यांनी त्याला एसआर-पीएसओएक्स म्हटलं. दोन वाटांनी आलेले लोक एकाच प्रथिनापाशी पोचले. नव्या यादीत ते जी वर्गात आहे. स्टॅबिलिन-१ चंही तेच, फील-१ आणि क्लेव्हर-१ ही त्याचीच नावं, आता एच वर्गात. तुम्ही म्हणता तसं फक्त जनुकाचं चिन्ह लिहिलं तर जुन्या पेपरांपर्यंत पोचायचा रस्ताच पुसला जातो.

ठाण्याचा_भुसावळकर

उंदरांचा मुद्दा मान्य. जनुकचिन्ह आधी आणि हुद्द्याचं नाव नंतर, एवढ्यावर मी थांबतो. तापीकाठचीला सल्ला: वहीत नावाशेजारी युनिप्रॉटचा (प्रथिनांच्या जागतिक नोंदवहीचा) क्रमांक लिहीत जा. माणसाच्या सीडी३६ चा पी१६६७१, लिम्प-२ चा क्यू१४१०८. नावं बदलतात, हा क्रमांक सहसा बदलत नाही. सातबाऱ्यावरचा गट नंबर समज. अँटिबॉडीच्या कागदावर तो बहुतेकदा छापलेला असतो, तो जुळला तरच ऑर्डर द्यायची.

केळीबाग_रावेर

एक शंका. हे रिसेप्टर एवढं काय काय धरतात तर मग चांगलं-वाईट ओळखतात कसं? आमच्याकडे केळीची गाडी भरताना मजूर हातात फणी घेतो आणि डाग बघून बाजूला टाकतो. हे नुसतं जे येईल ते धरतात का?

मास्तर_जळगाव

भाऊ, या प्रश्नावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे.

सुरुवातीला वाटलं की हा नुसता भाराचा खेळ. एसआर-ए१ च्या कोलॅजनच्या देठावर धन भाराचे लायसिन ओळीने बसलेत, म्हणून ऋण भाराची कुठलीही वस्तू चिकटते. क्रीगर यांनी त्याला माश्या चिकटवायच्या कागदाची उपमा दिली होती. पण मग हा प्रयोग बघा. न्यूक्लिइक आम्लांच्या कृत्रिम साखळ्या घेतल्या. पॉली-जी चिकटते, पॉली-आय चिकटते, पॉली-सी चिकटत नाही. ऋण भार सगळ्यांवर आहे! फरक असा की जी आणि आय च्या चार-चार साखळ्या एकत्र येऊन चौपदरी दोर वळतात, सी च्या तसा दोर करत नाहीत. म्हणजे रिसेप्टरला भार नुसता असून चालत नाही, तो विशिष्ट अंतरावर, विशिष्ट मांडणीत लागतो. तुमच्या मजुराला डाग कुठला आणि किती खोल ते दिसतं, तसंच काहीसं. जंतूंच्या भिंतीतल्या लायपोपॉलिसॅकराइडवर आणि लायपोटेकॉइक आम्लावरही अशी ऋण भाराची मांडणी असते, म्हणून तेही धरले जातात.

सीडी३६ ची पद्धत वेगळी. त्याला स्निग्ध आम्लं ओळखता येतात, बिघडलेल्या मेदाचे तुकडे ओळखता येतात. काम तेच, हत्यार निराळं. वर्ग वेगळे ठेवायचं हे खरं कारण आहे.

डॉक्टर_अक्कलकुवा

उशिरा येतोय. सातपुड्याच्या पायथ्याला ग्रामीण भागात काम करतो. तुमच्या यादीतले दोन रिसेप्टर मला रोज भेटतात, म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल आहे. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळं सांडतं. मोकळं हिमोग्लोबिन विषारी. रक्तातलं हॅप्टोग्लोबिन त्याला घट्ट धरतं आणि ही जोडी मॅक्रोफेजवरच्या सीडी१६३ ला चिकटून आत जाते. आत हीमचे (हिमोग्लोबिनमधल्या लोह धरणाऱ्या भागाचे) तुकडे होतात, लोह वाचवलं जातं. सीडी१६३ चं हे काम २००१ मध्ये कळलं. सिकलसेलमध्ये फुटणं एवढं सतत चालतं की हॅप्टोग्लोबिन संपून जातं आणि ही वाट तोकडी पडते. तापाने, पाणी कमी पडल्याने कळा घेऊन आलेलं पोर समोर असतं तेव्हा मला ही सफाई कुठे अडली ते डोळ्यांसमोर दिसतं.

दुसरा, सीडी३६. फाल्सिपॅरम मलेरियाचा जंतू ज्या तांबड्या पेशीत शिरतो तिच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रथिन उभं करतो, आणि ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांतल्या सीडी३६ ला चिकटतं. त्यामुळे ती पेशी प्लीहेपर्यंत जाऊन नष्ट व्हायची टळते. सफाई करणाऱ्याच्याच हाताला धरून जंतू लपतो.

मास्तर, माझी शंका नावाची. सीडी१६३ मध्ये एसआरसीआर नावाचे नऊ तुकडे आहेत. एसआरसीआर म्हणजे 'स्कॅव्हेंजर रिसेप्टरमधला सिस्टीनयुक्त' तुकडा, आणि तो एसआर-ए१ च्या टोकालाही आहे. मग सीडी१६३ ए वर्गात का नाही?

मास्तर_जळगाव

डॉक्टर, आधी तुम्हाला नमस्कार.

एसआरसीआर हा तुकडा एसआर-ए१ मध्ये लक्षात आला म्हणून त्याला ते नाव पडलं. पण तो तुकडा सफाईची खूण नाही. तो असलेली कितीतरी प्रथिनं स्कॅव्हेंजर नाहीत, आणि कितीतरी स्कॅव्हेंजरांत तो नाही. एसआर-ए१.१ मध्येही तो नाही, तरी ते बिघडलेलं एलडीएल धरतंच. म्हणून वर्ग ठरवताना एका तुकड्यावर न जाता सगळी घडण बघितली. ए वर्गाची ओळख कोलॅजनचा देठ आणि तीन साखळ्या. सीडी१६३ ला देठ नाही, नऊ मणी एका माळेत ओवलेले. त्याला आय हा वेगळा वर्ग दिला. तिघा भावांनी घातलेला सदरा शेजाऱ्यानेही घातला म्हणून तो भाऊबंद होत नाही.

सीडी१६३ ची एक गोष्ट पशुवैद्यकातल्या वाचकांसाठी. डुकरांना गर्भपात आणि श्वसनाचा त्रास करणारा पीआरआरएस नावाचा विषाणू याच प्रथिनाच्या आधाराने मॅक्रोफेजमध्ये शिरतो. जनुक संपादनाने सीडी१६३ काढलेली डुकरं त्या विषाणूला दाद देत नाहीत.

नंदाई

मराठी शब्दाचा प्रश्न तसाच राहिलाय, म्हणून लिहिते.

परिभाषेत स्कॅव्हेंजरला 'अपमार्जक' म्हणतात. व्याकरणाने चोख, पण वर्गात पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. कुणी 'मलभक्षक' सुचवलं तर कृपा करून घेऊ नका. माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. ते घाण खात नव्हते, ते घाण हटवत होते. पहाटे चार वाजता पाय न वाजवता निघायचे. कुठल्या गल्लीतलं गटार कुठे तुंबतं, कुठल्या ढिगात काच असणार, कुठलं जनावर रात्री मेलं असणार, हे त्यांना नुसत्या वासावरून कळायचं. वर मास्तरांनी चौपदरी दोराची गोष्ट सांगितली ना, ओळखण्याची, ती वाचताना मला तेच आठवले. या रिसेप्टरांचं काम ओळखून हटवणं आहे. म्हणून मी म्हणेन 'सफाई-ग्राही'. ग्राही हा रिसेप्टरसाठीचा शब्द आहेच, आणि सफाई घरातल्या लहान पोरालाही कळतं. सफाई या शब्दाची लाज वाटायचं कारण नाही.

दफ्तर_धुळे

नंदाई, शब्द उत्तम आहे आणि तुम्ही दिलेलं कारण त्याहून मोठं आहे. माझं मत 'सफाई-ग्राही'ला.

डॉक्टर_अक्कलकुवा

माझंही. आशाताईंच्या बैठकीत सिकलसेल समजावताना हाच शब्द वापरून बघतो.

तापीकाठची

नंदाई, भाषणात हाच शब्द असेल, आणि तो कुठून आला तेही मुलांना सांगेन. तुमची हरकत नसेल तर.

नंदाई

हरकत कसली बाळा. सांग.

तापीकाठची

सगळ्यांचं वाचून थिसिसमधला परिच्छेद असा केलाय, तपासून द्या:

'या प्रबंधात अभ्यासलेलं प्रथिन म्हणजे सीडी३६ (जनुक: सीडी३६, युनिप्रॉट: पी१६६७१). २०१४ च्या एकत्रित वर्गीकरणानुसार त्याचं नाव एसआर-बी२. हे नाव एससीएआरबी२ या जनुकचिन्हाशी एक समजू नये. ते लिम्प-२ चं चिन्ह आहे (युनिप्रॉट: क्यू१४१०८). २०१४ पूर्वीचे संदर्भ देताना मूळ लेखातलं नाव कंसात ठेवलं आहे.'

आणि चुकीच्या अँटिबॉडीने केलेले ब्लॉट मी फेकलेले नाहीत. माझ्या मॅक्रोफेजांत ऑक्सिडाइज्ड एलडीएल दिल्यावर लिम्प-२ वाढतंय असं त्यात दिसतंय. गाइड म्हणाले, एकदा नीट करून बघ. लिम्प-२ हे ग्लुकोसेरेब्रोसिडेज नावाच्या एन्झाइमला लायसोसोमपर्यंत नेऊन सोडतं, म्हणजे गिळलेला माल पचवायच्या बाजूचं काम त्याच्याकडे आहे.

मास्तर_जळगाव

परिच्छेद बरोबर आहे. एकच भर घाल. कोणत्या कंपनीची, कोणत्या क्लोनची अँटिबॉडी आणि ती प्रथिनाच्या कोणत्या भागाला चिकटते ते पद्धतींच्या प्रकरणात लिही. आणि लिम्प-२ चं खरोखर असेल तर सीडी३६ काढलेल्या पेशींत तेच होतं का ते बघ, म्हणजे कुणामुळे वाढलं ते कळेल.

तापीकाठची

हो सर. सीडी३६ ची नवी बाटली मंगळवारी येतेय. क्रमांक दोनदा जुळवून पाहिलाय, पी१६६७१.

केळीबाग_रावेर

ताई, चोपड्याला भाषण कोणत्या तारखेला आहे ते इथे टाका. रावेरहून येतो, मुलीलाही घेऊन येतो. बारावीला आहे.